इंग्रजी शब्दांचे सदर आणि इंदूरची मराठी मुले

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शनिवारच्या विद्यार्थी पुरवणीत गेल्या काही महिन्यांपासून अपरिचित इंग्रजी शब्दांचे एक छोटे सदर येते. डावीकडे शब्द, मध्ये देवनागरीत उच्चार आणि उजवीकडे एका शब्दात अर्थ, असे त्याचे स्वरूप आहे. रामबागेत आणि आसपासच्या अनेक घरांत हे सदर कापून वहीत चिकटवले जाते, आणि मराठी वर्तमानपत्राने हा विषय हाती घेतला याचे माझ्यासारख्या निवृत्त इंग्रजी शिक्षिकेला समाधानच आहे. तथापि सदरातील शब्दांची निवड आणि विशेषतः अर्थ देण्याची पद्धत इंदूरच्या मराठी मुलांच्या गरजेला धरून नाही, असे माझे मत झाले आहे. ते थोडे विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी.

आरंभीच एक गोष्ट मान्य करते. अवघड शब्दांच्या याद्या पाठ करणारी मुले मूर्ख नसतात. भंवरकुआँ परिसरातील शिकवणी वर्गांत बसणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना कर्मचारी निवड आयोगाची किंवा बँकेची परीक्षा द्यायची असते, आणि आयोगाच्या परीक्षेत शब्दसमूहाबद्दल एक शब्द, समानार्थी, विरुद्धार्थी असे प्रश्न आजही येतात. नाण्यांचा अभ्यासक तो ‘न्यूमिस्मॅटिस्ट’, झोपेत चालणारा तो ‘सोम्नॅम्ब्युलिस्ट’, काम नाममात्र आणि पगार मात्र पुरा असे पद ते ‘सिनेक्युअर’, ही माहिती एरवी आयुष्यात किती वेळा लागते हा प्रश्न वेगळा. परंतु जिथे एका गुणाने निवड यादीतील जागा जाते तिथे ‘पाठांतर सोडा आणि भाषेचा आनंद घ्या’ असा उपदेश करणे हे निवृत्तिवेतन चालू असलेल्या माणसालाच परवडते. म्हणून खजुरी बाजारात मिळणाऱ्या शब्दयाद्यांची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. (‘चेष्टा’ हा शब्द मी मराठी अर्थाने वापरला आहे. असे स्पष्टीकरण इंदुरात का द्यावे लागते, ते पुढे येईलच.)

मात्र सगळ्याच परीक्षा या वळणाच्या राहिलेल्या नाहीत. अमेरिकेत पदवी प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या ‘सॅट’ परीक्षेने विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्ये काढून टाकले, शब्दसादृश्याचे (शब्दांच्या दोन जोड्यांतील नाते जुळवण्याचे) २००५ मध्ये काढले, आणि २०१६ च्या फेररचनेत दुर्मीळ शब्दांऐवजी संदर्भानुसार अर्थ बदलणाऱ्या सामान्य शब्दांवर भर दिला. पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘जीआरई’ने २०११ मध्ये हेच दोन प्रकार बंद केले, तिथे आता वाक्यातील रिकाम्या जागेत नेमका शब्द बसवावा लागतो. व्यवस्थापनाच्या ‘कॅट’मध्येही उताऱ्यांचे आकलन हाच इंग्रजीचा मुख्य भाग झाला आहे. आपल्या सदराचे वाचक सरकारी वा बँकेची नोकरी, परदेशातील शिक्षण आणि व्यवस्थापन या तिन्ही वाटांनी जाणारे आहेत, आणि सध्याचे सदर त्यांपैकी फक्त पहिल्या, नोकरीच्या वाटेच्या उपयोगाचे आहे.

आता शब्दांच्या निवडीविषयी. कोणत्याही भाषेत थोडे शब्द फार वेळा येतात आणि पुष्कळ शब्द क्वचित येतात. हे गणित अमेरिकन भाषाभ्यासक जॉर्ज झिफ यांनी गेल्या शतकात मांडले, आणि त्याच सुमारास आपल्याच उपखंडात, ढाक्यात, शिक्षण खात्यात काम करणारे मायकेल वेस्ट बंगाली मुलांसाठी मोजक्या शब्दांत वाचनमाला तयार करीत होते. इंग्रजी बोलणे नंतर येईल, आधी मुलाला वाचता यावे, आणि त्यासाठी वारंवार येणारे शब्द आधी शिकवावेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९५३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली सुमारे २,००० शब्दांची सूची जगभर वापरली गेली. न्यूझीलंडचे भाषाभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीविना वाचायचे, म्हणजे शंभरातील अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावेत, तर सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे माहीत असावी लागतात; बोललेले समजण्यासाठी ६,००० ते ७,००० पुरतात. शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपे: ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’, ‘अनडिसायडेड’ हे सारे एकच कुटुंब.

वेस्ट यांचे दोन हजार आणि नेशन यांचे आठ-नऊ हजार, या दोन आकड्यांमधला प्रदेश महत्त्वाचा आहे. पहिले दोन हजार शब्द शाळेत कसेबसे होऊन जातात. त्यानंतर यादी पाठ करणारा विद्यार्थी एकदम पंधरा-वीस हजाराच्या पलीकडच्या शब्दांवर उडी घेतो, आणि मधले सहा-सात हजार तसेच राहतात. मग ‘डोक्यावरून जाते’ अशी तक्रार येते ती नेमकी ‘प्लॉजिबल’, ‘रिलक्टंट’, ‘टेंटेटिव्ह’, ‘अंडरमाइन’, ‘स्क्रूटिनी’, ‘मिटिगेट’, ‘ॲम्बिग्युअस’ अशा शब्दांवर; हे शब्द रोजच्या इंग्रजी अग्रलेखात असतात, पण कोणत्याच यादीला पुरेसे भारदस्त वाटत नाहीत. भाषाभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये विद्यापीठीय लेखनात सर्व विषयांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची जी सूची केली, ती तर माझ्या मते इंदूरच्या प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावण्याजोगी आहे. अभियांत्रिकीचा असो वा वाणिज्यचा, विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकातील साधारण दर दहावा शब्द तिच्यातला असतो.

आपल्या सदरात मात्र अलीकडे २९ अक्षरांचा ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा शब्द चौकटीत झळकला. श्री. शशी थरूर यांनी २०१८ च्या ऑक्टोबरात आपल्या नव्या पुस्तकाची घोषणा करताना तो वापरल्यापासून भारतात त्याला वेगळेच वलय आले आहे. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे, एवढाच त्याचा अर्थ. मुलांना तो तोंडपाठ करण्यात गंमत वाटते आणि वाटावी. लहानपणी आम्हीही जिभेला वळसे देणारी वाक्ये म्हणत होतोच. पण त्यांनीच २०१७ मध्ये वापरलेला ‘फरागो’ हा शब्द मला अधिक शिकवण्याजोगा वाटतो. लॅटिनमध्ये तो गुरांच्या मिश्र चाऱ्याला म्हणत. आज खऱ्याखोट्याच्या, विशेषतः दिशाभूल करणाऱ्या सरमिसळीला म्हणतात. एवढे सांगितले की मूल तो शब्द विसरत नाही, आणि हा आपण एरवी वापरायचा शब्द नव्हे, रागाने आणि थोड्या मिजाशीने वापरायचा शब्द आहे, हेही त्याच्या लक्षात येते.

हा दुसरा भाग आपल्या सदरात मुळीच येत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरून कळतो, असे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये म्हटले. मराठी माणसाला हे वेगळे शिकवावे लागू नये. आपण भाकरी थापतो, पोळी लाटतो, पुरी तळतो आणि वरण शिजवतो, आणि यातले क्रियापद कोणी अदलाबदल केले तर त्याची मराठी कच्ची आहे हे लगेच कळते. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो. वारा मात्र ‘स्ट्राँग’ असतो. ‘एग्रीजस’ हा शब्द लॅटिनमधून आला तेव्हा त्याचा अर्थ ‘कळपातून उठून दिसणारा’ असा होता, पण आज तो चूक, अन्याय, दुर्लक्ष अशाच शब्दांबरोबर येतो. आपल्या सदरात त्याच्यासमोर ‘असाधारण’ एवढेच छापले गेले. उद्या एखाद्या मुलीने आपल्या मुख्याध्यापकांच्या निरोपाच्या भाषणात त्यांच्या ‘एग्रीजस’ सेवेचा गौरव केला, तर दोष तिचा म्हणायचा की सदराचा? ‘फुलसम प्रेझ’चेही तसेच. कार्यक्रमांच्या इंग्रजी वृत्तांतांत हा प्रयोग सढळ हाताने होतो, आणि मागे उभा असलेला ‘ओशाळवाणे वाटावे इतकी स्तुती’ हा अर्थ लिहिणाऱ्याच्या गावीही नसतो.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले, त्याकडे वळते. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या मुलापेक्षा इंदूरच्या मराठी मुलाची भाषिक परिस्थिती वेगळी आहे. घरात मराठी, रस्त्यावर आणि मित्रांत हिंदी, वर्गात इंग्रजी, आणि इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगणारे पुस्तक जवळजवळ नेहमी हिंदीत. देवनागरी लिपी एकच असल्यामुळे हिंदी अर्थ वाचताना आपण दुसऱ्या भाषेत शिरलो हे त्याच्या ध्यानातही येत नाही. आणि मराठी-हिंदीत असे कितीतरी शब्द आहेत की ज्यांचे रूप एक आणि अर्थ भिन्न. हिंदी शब्दयादीत ‘एन्डेव्हर’ या शब्दापुढे ‘चेष्टा’ असते; तिथे तिचा अर्थ प्रयत्न असा आहे, आपल्याकडे थट्टा. ‘पेडगॉजी’पुढे ‘शिक्षाशास्त्र’ असते, आणि मराठी घरात शिक्षा म्हणजे अंगठे धरून उभे राहणे. ‘कॉम्प्रोमाइज’ला इथल्या न्यायालयात ‘राजीनामा’ म्हणतात, म्हणजे उभयपक्षी समझोता. मराठी मुलाला मात्र कोणीतरी नोकरी सोडली असे वाटते. ‘ह्यूब्रिस’पुढे ‘अभिमान’ छापलेले मी पाहिले आहे. हिंदीत अभिमानाला गर्वाची, अहंकाराची छटा सहज येते. मराठीत आई मुलाचा अभिमान बाळगते आणि तो सद्गुणच मानला जातो. सर्वनाशाकडे नेणारा उद्धटपणा, हा ‘ह्यूब्रिस’चा खरा अर्थ या शब्दातून मराठी वाचकापर्यंत पोहोचण्याची सुतराम शक्यता नाही.

खेदाची गोष्ट ही की आपल्या मराठी सदरातही हेच घडले आहे. मागे ‘डिमर’ या क्रियापदासमोर ‘आपत्ती’ असे छापून आले होते. हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे हरकत. मराठीत आपत्ती म्हणजे संकट, भूकंप, महापूर. उघडच, कोणत्यातरी हिंदी यादीतील अर्थ जसाच्या तसा उचलून फक्त ऱ्हस्व-दीर्घ मराठी पद्धतीने करून टाकला होता. मराठीत या शब्दासाठी किती चांगली क्रियापदे तयार आहेत! आढेवेढे घेणे, का-कू करणे, हरकत घेणे. ‘शी ॲग्रीड विदाउट डिमर’ याला ‘आढेवेढे न घेता ती कबूल झाली’ यापेक्षा नेमके काय हवे?

हे उदाहरण एकटे नाही म्हणून थोडे थांबून लिहिते. अपरिचित इंग्रजी शब्दाला तितकाच अपरिचित संस्कृत प्रतिशब्द देण्याची आपल्याला खोड आहे, आणि त्यामुळे मुलाला एकाऐवजी दोन शब्द पाठ करावे लागतात. ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ला ‘दीर्घसूत्रता’ हा शब्द अचूक आहे, परंतु घराघरांत ज्याला ‘चालढकल’ म्हणतात तीच ही गोष्ट, हे सांगितले की काम संपते. ‘फॅस्टिडिअस’ म्हणजे चोखंदळ, त्यातही थोडा नाक मुरडणारा. ‘सिकोफंट’ला ‘चाटुकार’ हा हिंदीत रुळलेला शब्द कशाला, ‘तोंडपुज्या’ आणि ‘हुजऱ्या’ असताना? ‘पार्सिमोनिअस’साठी ‘कवडीचुंबक’ आहे. ‘प्रिव्हॅरिकेट’ म्हणजे सरळ उत्तर न देता उडवाउडवी करणे. ‘इक्विव्होकेट’ शिकवताना तर मी महाभारताचाच आधार घेत असे: ‘नरो वा कुंजरो वा’. खोटे तर बोलायचे नाही, आणि खरे तर कळू द्यायचे नाही, ही त्या क्रियापदाची सारी मख्खी एका प्रसंगात येते. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. तो उघडून पाहिला तर इंग्रजी शब्दापुढे बोलीतले, बाजारातले, शेतातले मराठी पर्याय ओळीने मांडलेले दिसतात. त्या साहेबांना जे सुचले ते आपल्याला सुचू नये, हे काही बरे लक्षण नाही.

संस्कृतविषयी मी वर थोडे कठोर लिहिले, पण इंग्रजी शिकताना तिचा एक फार मोठा उपयोग आहे आणि तो आपले सदर करून घेत नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम एक असावा, हे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले. इंग्रजीतील भारदस्त शब्दांपैकी पुष्कळसे लॅटिन आणि ग्रीकमधून आलेले असल्याने मराठी मुलाच्या कानावर असलेला संस्कृत शब्द तिथे अचानक भेटतो. वर आलेल्या ‘सोम्नॅम्ब्युलिस्ट’मधील ‘सोम्न’ आणि आपले ‘स्वप्न’ ही एकाच मुळाची रूपे आहेत. ‘नॉक्टर्नल’ म्हणजे निशाचर. त्यातील ‘नॉक्ट’ म्हणजे उपासाच्या ‘नक्ता’तले नक्त, म्हणजे रात्र. ‘जेन्युफ्लेक्ट’ म्हणजे गुडघा टेकून वंदन करणे; त्यात आहे ‘आजानुबाहू’मधला जानु. ‘पेक्युनिअरी’ म्हणजे पैशासंबंधी, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पेकु’ म्हणजे गुरे, अर्थात आपला ‘पशु’. ज्या काळी पशू हेच धन होते त्या काळाची ती खूण. ‘ऑक्टोजेनेरियन’मध्ये अष्ट आहे, ‘इग्नाइट’मध्ये अग्नी, ‘कॉन्जुगल’मध्ये युग आणि योग यांचे मूळ, आणि ‘विडो’मध्ये विधवा. मुलांना हे नाते दाखवले की त्यांचे डोळे चमकतात आणि मग पुढचा शब्द ती स्वतः शोधू लागतात.

इथे सावधगिरी मात्र हवी. सारखा दिसला की सगोत्र, असे होत नाही. इंग्रजीतील ‘बॅड’ आणि ‘बदनाम’, ‘बदफैली’ यांतील फारसी ‘बद’ यांचा अर्थ एक आणि रूपही जवळचे, तरीही त्यांचा परस्परांशी संबंध नाही. निव्वळ योगायोग आहे. हल्ली मोबाइलवर ‘सर्व इंग्रजी संस्कृतमधून आले’ अशा मजकुराच्या ज्या याद्या फिरतात, त्यांचे खंडन करण्यात शिक्षकांचा बराच वेळ जातो. संस्कृत ही लॅटिनची आई नव्हे, बहीण आहे. उलट जे शब्द खरोखर आपल्याकडून गेले, ते मुलांना माहीत नसतात. ‘मुंगूस’ हा मराठी शब्द ‘मंगूस’ होऊन इंग्रजी कोशात बसला आहे. ‘लूट’, ‘ठग’ आणि ‘जगरनॉट’ हेही इकडूनच गेले. माळव्याने लूट आणि ठग या दोहोंचा पुरेसा अनुभव घेतलेला असल्याने ते शब्द आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

उच्चाराविषयी थोडक्यात. मराठी लेखनात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे आहेत, त्यामुळे मराठी पाटीवर ‘बँक’ असते तर इथल्या हिंदी पाटीवर ‘बैंक’. हा आपला फायदा आहे आणि सदरात तो नीट जपला जातो, याबद्दल मुद्रितशोधकांचे अभिनंदन. परंतु इंग्रजीत शब्दातल्या एका अवयवावर (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) जोर पडतो आणि तो देवनागरीत दिसत नाही. वर उल्लेखलेला ‘डिमर’ घ्या. दुसऱ्या अवयवावर जोर दिला आणि तो लांबवला तर आढेवेढे. पहिल्यावर दिला तर दिव्याचा उजेड कमी करणारे बटण. ज्या अक्षरावर जोर आहे ते ठळक छापले तरी हा प्रश्न सुटेल, आणि त्याला जागाही जास्त लागणार नाही.

अपरिचित शब्द वापरायचे कधी, याविषयीही विद्यार्थ्यांना सांगणे आवश्यक आहे. ओळखण्याचे शब्द पुष्कळ असावेत, वापरण्याचे थोडे. हे मी संकोचापोटी किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. ब्रिटिश सरकारने आपल्या अधिकाऱ्यांना सोपे इंग्रजी लिहायला शिकवावे म्हणून अर्नेस्ट गाव्हर्स यांच्याकडून १९४८ मध्ये पुस्तक लिहून घेतले. अमेरिकेने २०१० मध्ये सरकारी मजकूर सुबोध असावा म्हणून कायदाच केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल, त्यातील इंग्रजीचा अर्थच लागत नाही म्हणून, रद्द करून परत पाठवला होता. पुन्हा तसाच प्रसंग आल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये निकालपत्रे कशी लिहावीत यासंबंधी मार्गदर्शनही केले. लांब शब्द आणि त्याहून लांब वाक्ये यांच्या भाराखाली पक्षकाराला आपण जिंकलो की हरलो हेच कळू नये, अशी अवस्था तिथे झाली होती. शिकवणी वर्गातून बाहेर पडणारा, रजेच्या साध्या अर्जात तीन अवघड शब्द घालणारा विद्यार्थी त्याच मार्गावर पहिले पाऊल टाकत असतो. मुलाखतीच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलांना मी सांगत असे, की समोरच्याला थांबून विचार करावा लागेल असा शब्द तेव्हाच वापरा, जेव्हा त्याच्या जागी दुसरा कोणताही चालणार नाही.

मग दुर्मीळ शब्द शिकायचेच कशाला, असे कोणी विचारील. वाचण्यासाठी, हे त्याचे उत्तर आहे. जुने न्यायनिवाडे, इतिहासाची साधने, होळकर दरबार आणि इंग्रज रेसिडेन्सी यांमधील पत्रव्यवहार, विज्ञानाचे लेख, उत्तम कादंबऱ्या यांत हे शब्द असतात. माळव्याच्या इतिहासावर संशोधन करू इच्छिणारी मुलगी एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागद वाचायला बसली, की तिला ‘एस्चीट’, ‘सनद’, ‘सुझरेन’, ‘इन्टरेग्नम’ हे शब्द लागतात, आणि तेव्हा त्यांना पर्याय नसतो. वाचताना भेटलेला शब्द वाक्यासह, प्रसंगासह भेटतो. यादीत भेटलेला एकटा असतो आणि एकटाच विस्मरणात जातो.

विस्मरणाचा विषय निघालाच आहे तर त्यावरील उपायही सांगते, कारण तो फुकट आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरले जाते, पण योग्य अंतराने उजळणी केली तर विसरण्याचा वेग कमी होत जातो. त्यावर आधारलेली पेटीची पद्धत जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये लोकप्रिय केली. पुठ्ठ्याच्या पेटीत चार-पाच कप्पे करायचे. जो शब्द आठवला त्याचे कार्ड पुढच्या कप्प्यात, जो आठवला नाही त्याचे पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे अधिकाधिक अंतराने तपासायचे. मोबाइलवरील महागडी ॲप्स हेच करतात. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या मागच्या बाजूंची कार्डे करून हे इंदुरातल्या कोणत्याही घरात होऊ शकते. आपल्या सदरात मात्र एकदा छापलेला शब्द पुन्हा कधीच येत नाही, आणि शनिवारमागून शनिवार जाताना आधीचे शब्द वहीतच राहतात.

म्हणून माझ्या सूचना अशा. दर आठवड्याला दहाऐवजी चारच नवे शब्द द्यावेत. त्यांपैकी तीन मधल्या प्रदेशातले असावेत आणि एकच खरोखर दुर्मीळ, तोही ज्याच्यामागे सांगण्यासारखी गोष्ट आहे असा. उरलेल्या जागेत महिन्यापूर्वीचे दोन शब्द नव्या वाक्यात पुन्हा आणावेत. प्रत्येक शब्दाला निदान एक पूर्ण वाक्य असावे, आणि ते शहराच्या जीवनातले असावे. याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिले येत गेले, त्या काळात ओला-सुका कचरा वेगळा करता करता ‘सेग्रिगेशन’ आणि ‘कम्पोस्ट’ हे इंग्रजी शब्द शाळेत न गेलेल्या आजींनाही आले. कोणी त्यांना ते पाठ करायला लावले नव्हते. रोज सकाळी गाडी येत होती आणि शब्द कामाचा होता. देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाची बातमी आली तेव्हा तिच्यात ‘फीडस्टॉक’, ‘स्लरी’, ‘बायोडिग्रेडेबल’ असे शब्द होते. त्या आठवड्याचे सदर त्या बातमीवरच बेतले असते तर मुलांनी बातमीही वाचली असती.

अर्थाच्या बाबतीत सर्वांत निकडीची विनंती ही, की छापण्यापूर्वी प्रत्येक मराठी अर्थ मराठी माणसाने मराठी म्हणून वाचून पाहावा, आणि जिथे मराठी व हिंदी अर्थ वेगळे पडतात तिथे ‘हिंदीत अमुक, मराठीत तमुक’ अशी एक ओळ द्यावी. महाराष्ट्रातील कोणत्याही दैनिकाला या ओळीची गरज नाही. इंदूरच्या आवृत्तीला आहे. ‘चेष्टा’, ‘शिक्षा’, ‘आपत्ती’, ‘राजीनामा’, ‘अभिमान’, ‘संसार’, ‘प्रकृती’ यांपासून आरंभ केला तर पहिले दोन महिने सहज निघतील. या कामासाठी शहरातील निवृत्त शिक्षकांपैकी दोघे-तिघे विनामूल्य वेळ द्यायला तयार आहेत, मीही त्यांपैकी एक आहे. पुरवणीचा मजकूर गुरुवारी दुपारपर्यंत आमच्याकडे आला तर शुक्रवारी सकाळी तपासून परत करता येईल. तूर्त ‘डिमर’ आणि ‘एग्रीजस’ या दोन शब्दांचे दुरुस्त अर्थ येत्या शनिवारी छापावेत, कारण ती कात्रणे अनेक वह्यांत चिकटलेली आहेत आणि परीक्षा जवळ आल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
रामबाग, इंदूर